कर भरतो, मोजले जातो, पण ऐकतं कोण? स्पेनमधल्या आमच्या गावच्या पालिकेचे अनुभव

केवडा

नमस्कार मंडळी,

आज संताप झालाय आणि थोडी घाबरलेही आहे, म्हणून लिहायला बसले. कुणाला मार्ग माहीत असेल तर सांगा. घाईचं काम आहे.

आम्ही चार वर्षांपासून स्पेनमध्ये राहतो. आलिकांते प्रांतात मरीना आल्ता नावाचा किनारपट्टीचा भाग आहे, तिथलं सात हजार वस्तीचं गाव. नाव मुद्दाम देत नाही, कारण उद्या त्याच खिडकीसमोर उभं राहायचंय. आमचं घर जुन्या गावापासून तीन किलोमीटरवर, डोंगरउतारावरच्या उर्बानिसासिओनमध्ये, म्हणजे बिल्डरने वसवलेल्या वसाहतीत. शेजारी इंग्रज, जर्मन, डच आणि काही स्पॅनिश कुटुंबं. घर कर्ज काढून घेतलेलं. घरपट्टी, म्हणजे इथली ईबी, आणि कचऱ्याचा कर दरवर्षी मुदतीत भरतो.

पहिली गोष्ट दिव्यांची. बसथांब्यापासून घरापर्यंत रस्त्याला सात खांब आहेत. नोव्हेंबरपासून सातही बंद. लेक बारा वर्षांची, पोहण्याच्या वर्गाहून संध्याकाळी साडेसहाच्या बसने येते. हिवाळ्यात त्या वेळी मिट्ट काळोख. पदपथ नाही, एका बाजूला दगडी बांध आणि दुसऱ्या बाजूला ओढा. खाली रानडुकरं येतात, पिल्लांसकट. पूर्ण हिवाळा मी रोज टॉर्च घेऊन थांब्यावर जाऊन उभी राहिले. आता दिवस मोठे झालेत, पण पुढचा नोव्हेंबर येणारच आहे.

आयुंतामिएंतोमध्ये, म्हणजे पालिकेत, चार वेळा जाऊन आले. खिडकीतल्या बाई स्वभावाने चांगल्या आहेत. दर वेळी म्हणतात, "हो हो, लिहून घेते." पहिल्या वेळी त्यांनी पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं आणि संगणकाच्या कडेला चिकटवलं. दुसऱ्या वेळी गेले तेव्हा माझी चिठ्ठी दुसऱ्या दोन चिठ्ठ्यांखाली होती, नुसता "फारोला", म्हणजे दिव्याचा खांब, या शब्दाचा शेपटा दिसत होता. तिसऱ्या वेळी तीही नव्हती.

दुसरी गोष्ट कालची, आणि तीच जास्त लागली. लेकीला पुढच्या वर्षी माध्यमिक शाळेत घालायचंय. प्रवेशाला राहत्या पत्त्याचे गुण मिळतात आणि त्यासाठी पद्रोनचा दाखला लागतो. इथे राहायला नवीन असलेल्यांसाठी सांगते: पद्रोन म्हणजे पालिकेची रहिवासी नोंद. शाळा, दवाखाना, रहिवासी कार्ड, सगळ्याच्या मुळाशी हाच एक कागद. दाखला मागितला तर बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. नवऱ्याचं नाव होतं. माझं आणि लेकीचं नव्हतं. शेरा होता, मुदत संपल्याने नोंद रद्द.

युरोपियन युनियनबाहेरच्या आणि कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना नसलेल्या माणसाला ही नोंद दर दोन वर्षांनी नव्याने करावी लागते, हे मला माहीत होतं. मागच्या वेळी आठवणीचं पत्र आलं होतं, म्हणून यंदाही येईल असं धरून बसले. पत्र आलं नाही. नवऱ्याची नोंद त्याच्या नव्या पासपोर्टच्या निमित्ताने मध्येच नवी झालेली, म्हणून तो वाचला. पुन्हा नोंदणी करायला सीता प्रेविया, म्हणजे आगाऊ वेळ, घ्यायला सांगितली. मिळाली ती अकरा दिवसांनंतरची. शाळेच्या अर्जाची मुदत नऊ दिवसांत संपते.

बाहेर येऊन चौकातल्या बाकावर बसले. चार वर्षं या गावात भाजी घेतेय, लेक इथल्या पोरांबरोबर वालेन्सियानो, म्हणजे इथली स्थानिक भाषा, बोलते, पालिकेची पत्रं मला तीच वाचून दाखवते. आणि नोंदीत आम्ही गावात नाहीच.

तिथेच बसल्या बसल्या २०२३ ची निवडणूक आठवली. २८ मेच्या आधीचा आठवडा असेल. त्याच चौकात एक उमेदवार पत्रकं वाटत होते. माझ्या हातात एक दिलं, हसून विचारलं, "इथे मत आहे ना तुमचं?" माझ्या इंग्रज शेजाऱ्यांना आहे, मला नाही. नाही म्हटल्यावर त्यांनी ते पत्रक माझ्या हातातून अलगद परत घेतलं आणि मागच्या माणसाला दिलं. त्यांच्या मनात काही वाईट नसेल, पत्रकं मोजकी असतील. पण तो हात मला अजून दिसतो.

---

चौथामजला

केवडा, मी बार्सिलोनाजवळ आठ वर्षं आहे. आधी घाईचं काम.

अकरा दिवस थांबू नका. अर्ज दाखल झाल्याची तारीख महत्त्वाची असते. तुमच्या यजमानांकडे डिजिटल सर्टिफिकेट आहे का? असेल तर पालिकेच्या सेदे एलेक्त्रोनिकावरून, म्हणजे ऑनलाइन कचेरीतून, आज रात्रीच अर्ज टाका. तुमची सही असलेलं अधिकारपत्र, दोघींचे पासपोर्ट, लेकीचा जन्मदाखला, घराची कागदपत्रं, सगळं जोडा. अर्ज गेला की क्रमांक आणि वेळ छापलेली पावती येते. शाळेच्या अर्जाला ती जोडा आणि दाखला मागाहून देतो असं लिहा. सर्टिफिकेट नसेल तर हाच अर्ज कागदावर दुसऱ्या कुठल्याही सरकारी कचेरीच्या रेजिस्त्रोमध्ये, म्हणजे अर्ज स्वीकारण्याच्या खिडकीवर, किंवा टपाल कचेरीत देता येतो. तिथून तो पालिकेकडे जातो आणि तारीख तुम्ही दिल्या दिवसाची धरली जाते. २०१५ चा ३९ क्रमांकाचा कायदा आहे, प्रशासकीय कार्यपद्धतीचा. त्याच्या कलम १६ मध्ये हे आहे.

पत्राबद्दल मात्र वाईट बातमी. दोन वर्षांनी नोंद रद्द करताना माणसाचं म्हणणं ऐकून घेण्याची सक्ती पालिकेवर नाही. १९८५ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्यातच तसं लिहिलंय, कलम १६. मोबाइलवर गजर लावून ठेवा, बावीस महिन्यांचा.

पद्रोनवरून इथे राजकारणही झालंय. आमच्या कातालोनियात विक नावाचं गाव आहे. तिथल्या पालिकेने कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांची नोंद करायची नाही असं ठरवलं होतं. २०१० च्या जानेवारीत सरकारी वकिलांनी मत दिलं की गावात राहणाऱ्या प्रत्येकाची नोंद करावीच लागेल, परवाना असो वा नसो. राहतो तो मोजला जाईल, हे तत्त्व म्हणून इथे पक्कं आहे. खिडकीवर मात्र ते प्रत्येकाला स्वतः पाळून घ्यावं लागतं.

---

आवकजावक

केवडाताई, मी स्पेन पाहिलेलं नाही. एकतीस वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नगरपरिषदेत नोकरी केली, त्यातली नऊ आवक-जावक टेबलावर. तुमचं वाचून राहवलं नाही.

एकच विचारतो. चार वेळा गेलात, एकदा तरी पोच घेतलीत का?

तोंडी तक्रार कचेरीत जन्मालाच येत नाही. कारकून कितीही भला असो, त्याच्या टेबलावर जे क्रमांक पडलेले कागद असतात त्यांचाच हिशेब वरचे मागतात. चिठ्ठीचा हिशेब कुणी मागत नाही. अर्ज दोन प्रतींत करायचा. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. शिक्का नीट उमटला नाही तर पुन्हा मारून मागायचा, लाजायचं नाही. आमच्याकडे एक शेतकरी यायचे. नळजोडणीच्या वादातली अकरा वर्षांची पोच त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत सांभाळली होती. शेवटी ती पिशवीच कामाला आली.

तिकडे असा आवक शिक्का असतो का?

---

चौथामजला

असतो, आवकजावककाका. रेजिस्त्रो दे एन्त्रादा म्हणतात. अर्जाला इन्स्तान्सिया हेनेराल. तुम्ही सांगता तसंच, दोन प्रती, क्रमांक, वेळ मिनिटासकट. आणि एकदा हा क्रमांक पडला की प्रशासनाला लेखी उत्तर देणं बंधनकारक होतं. वेगळी मुदत ठरलेली नसेल तर तीन महिने.

दिव्यांबद्दल केवडा यांच्या हातात कायदा बराच बळकट आहे, तोही लिहितो. त्याच १९८५ च्या कायद्याच्या कलम २६ मध्ये प्रत्येक पालिकेने, गाव शंभर माणसांचं असलं तरी, कुठल्या सेवा द्यायच्याच ते दिलंय: रस्त्यावरचे दिवे, स्मशानभूमी, कचरा, रस्तेसफाई, पाणी, सांडपाणी, गावापर्यंतचा रस्ता आणि फरसबंदी. पाच हजारांवर वस्ती गेली की बाग आणि ग्रंथालय. आणि कलम १८ म्हणतं की अशी सक्तीची सेवा मागण्याचा हक्क प्रत्येक वेसीनोला आहे. वेसीनो कोण, तर कलम १५ प्रमाणे पद्रोनमध्ये नाव असलेला प्रत्येकजण. नागरिकत्वाचा शब्दही नाही तिथे.

म्हणून आधी पद्रोन, मग दिवे. हा क्रम चुकवू नका.

---

केवडा

काका, एकदाही नाही घेतली पोच. मला वाटलं बाई एवढ्या आपुलकीने बोलतात, लिहून मागितलं तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. गावी माझे वडील कुठल्याही कचेरीत गेले की पोच घेतल्याशिवाय हलायचे नाहीत. इथे येऊन मी तेच कसं विसरले?

चौथामजला, अर्ज आत्ता रात्री ११.५२ ला गेला. पावती आली. नवऱ्याने छापून फ्रीजवर लावलीय.

---

थेम्सकाठ

मी लंडनमध्ये. इथे भारतीय पासपोर्टवरही मत देता येतं, कॉमनवेल्थ नागरिक म्हणून. कौन्सिलच्या निवडणुकीत तर देतोच, संसदेच्याही. आल्यानंतर आठव्या महिन्यात मी पहिलं मत दिलं. त्याचा परिणाम रोजच्या वागण्यात दिसतो. आमच्या वॉर्डातल्या कौन्सिलर बाईंना मी फुटलेल्या फरशीचा फोटो पाठवला तर उत्तर येतं, कारण दारावर मत मागायला त्यांना यायचंय. तुमच्या इंग्रज शेजाऱ्यांना स्पेनमध्ये मत आहे आणि तुम्हाला नाही, हे वाचून वाईट वाटलं. ब्रेक्झिटनंतरही त्यांचं मत कसं टिकलं?

---

माडाची_सावली

करार करून टिकलं. स्पेनच्या घटनेच्या कलम १३ प्रमाणे परदेशी माणसाला पालिकेचं मत देता येतं, पण परतफेडीच्या तत्त्वावर: तुमच्या देशात आमच्या माणसाला मत असेल तर आमच्याकडे तुमच्या माणसाला. ब्रिटनने २०१९ मध्ये असा करार केला. नॉर्वे, आइसलँड, कोलंबिया, पेरू, एक्वादोर, चिली, न्यूझीलंड, दक्षिण कोरिया, केप व्हर्द यांचेही आहेत. भारत त्या यादीत नाही आणि सध्या येऊही शकत नाही, कारण आपल्या ग्रामपंचायतीत परदेशी माणसाला मत नाही. हे आपणही मान्य करायला हवं.

मी मूळचा बार्देशचा, मालागा प्रांतात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला. वडील १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले, त्यामुळे माझा पासपोर्ट पोर्तुगीज, आणि म्हणून मला इथे पालिकेचं मत आहे. माझ्याच शेजारी भट्टीवर उभा राहणारा सोलापूरचा मुलगा माझ्याइतकाच कर भरतो, माझ्याहून चांगलं स्पॅनिश बोलतो, त्याला नाही. २०२३ ला मी मतदान करून कामावर गेलो तेव्हा तो भांडी लावत होता. त्याने विचारलं, "कुणाला दिलंस?" मला उत्तर देताना जड गेलं.

पण मत असलं की सगळं मिळतं असं समजू नका. इथे अलकाल्दे, म्हणजे नगराध्यक्ष, लोक थेट निवडत नाहीत. तुम्ही पक्षाच्या बंद यादीला मत देता, नावापुढे खूण करता येत नाही. वॉर्डच नसतो, म्हणून "आमचा नगरसेवक" असा माणूसही नसतो. यादीतले कोन्सेखाल, म्हणजे नगरसेवक, मग अलकाल्दे निवडतात. केवडा, तुमच्या गावात १३ कोन्सेखाल असतील, म्हणजे सात जणांचा आकडा जुळला की सत्ता. एका माणसाच्या पक्षाच्या हाती अख्खं गाव येतं, आणि त्याला तुमच्या वसाहतीपेक्षा जुन्या गावातले शंभर नातेवाईक महत्त्वाचे असतात. शिवाय आम्हा युरोपियन मतदारांना आधी मतदारयादीत नाव घालण्याची इच्छा कळवावी लागते. कितीतरी जण कळवतच नाहीत आणि पुढची चार वर्षं बारमध्ये तक्रार करतात.

आमच्या किनाऱ्याने पालिकांचं फार वाईट रूप पाहिलंय. मार्बेयाची पालिका २००६ मध्ये केंद्र सरकारने बरखास्त केली. बांधकाम परवान्यांतल्या भ्रष्टाचारात तिथल्या महिला अलकाल्देला अटक झाली होती. लोकशाही आल्यानंतर असं पहिल्यांदाच घडलं. आणि अल्मेरिया प्रांतात बेरा इथे २००८ च्या जानेवारीत एका निवृत्त इंग्रज जोडप्याचं घर पाडलं गेलं. त्यांच्याकडे पालिकेचा परवाना होता. प्रादेशिक सरकारचं म्हणणं, ती जमीन बांधकामाची नव्हती, परवानाच चुकीचा. पालिकेने दिला, प्रदेशाने रद्द करवला, राडारोडा उचलला त्या दोघांनी. म्हणून इथे घर घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, पालिकेचा एक कागद पाहून पैसे देऊ नका.

---

सरळमार्गी

थोडं स्पष्ट बोलतो. आपण परक्या देशात स्वतःच्या मर्जीने गेलोय. तिथलं हवामान, रस्ते, दवाखाने आवडले म्हणून राहिलोय. मग त्यांच्या पद्धती मुकाट्याने स्वीकाराव्यात. पाहुण्याने यजमानाच्या घरातल्या दिव्यांवर बोलू नये.

---

केवडा

सरळमार्गी, पाहुण्याला घरपट्टी लागत नाही. मला लागते.

मी स्पेनला नावं ठेवत नाहीये. लेकीला इथे फ्रॅक्चर झालं तेव्हा सरकारी दवाखान्यात एक पैसा न घेता आठवडाभर ज्यांनी जपलं त्यांना मी विसरणार नाही. पण ज्या रस्त्याने माझं मूल रोज चालतं तो रस्ता माझाही आहे. त्याच्याबद्दल बोलले नाही तर मी इथे राहतच नाही, असं होईल.

---

पर्वतीपायथा

मी पुण्यात. दूरच्या हिरवळीबद्दल एक सांगते. आमच्याकडे मत होतं, पण निवडणूक नव्हती. पुणे आणि मुंबई दोन्ही महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासक बसले. त्या काळात आमच्या गल्लीत ड्रेनेज तुंबलं की कुणाकडे जायचं हेच कळत नव्हतं. माजी नगरसेवक म्हणायचे, "आता माझ्या हातात काही नाही." क्षेत्रीय कार्यालयात साहेब सापडायचे नाहीत. तेव्हा मीही शेवटी कागदावर आले, माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा. तिकडे असं काही आहे का?

---

चौथामजला

आहे. २०१३ चा पारदर्शकतेचा कायदा. कुणालाही मागता येतं, नागरिक असायची अट नाही, कारण सांगायची गरज नाही, शुल्क नाही. महिन्याभरात उत्तर, फार तर आणखी एक महिना वाढवून. आपला २००५ चा कायदा आठ वर्षं आधीचा, आणि महाराष्ट्राचा स्वतःचा तर २००२ चा. केवडा यांनी दिवे लावा एवढंच न मागता दिवाबत्तीच्या दुरुस्तीचं कंत्राट, आणि त्यात त्यांची वसाहत येते का, तेही मागावं. पुष्कळ वसाहतींचं दुखणं तिथेच असतं. बिल्डरने रस्ते-दिवे पालिकेच्या ताब्यात रीतसर दिलेलेच नसतात. मग पालिका म्हणते, हे आमचं नाही.

---

तुरियाकाठची

मी वालेन्सिया शहरात राहते, संशोधनासाठी आले. धागा दोन दिवस वाचतेय, लिहू की नको असं होत होतं.

२९ ऑक्टोबर २०२४. त्या दिवशी शहरात पाऊसच नव्हता म्हटलं तरी चालेल. हवामान खात्याने सकाळीच लाल इशारा दिला होता, विद्यापीठाने वर्ग बंद ठेवले होते. रात्री ८.११ ला सगळ्यांचे मोबाइल एकदम किंचाळले, घराबाहेर पडू नका असा संदेश. तोपर्यंत पोयो ओढ्याचं पाणी पायपोर्ता, कातारोखा, आल्फाफार या गावांत शिरलं होतं. लोक तळघरांत गाड्या काढायला उतरले होते. एकट्या वालेन्सिया प्रांतात सव्वादोनशेच्या वर माणसं गेली.

आपत्तीचा इशारा द्यायचं काम पालिकांचं नाही, प्रादेशिक सरकारचं. पण दुसऱ्या दिवशी चिखलात लोकांसमोर जे उभे होते ते गावोगावचे अलकाल्दे आणि पालिकेचे कामगार. त्यांची स्वतःची घरं बुडालेली, गाड्या वाहून गेलेल्या. तुरिया नदीच्या नव्या पात्रावरचा पादचारी पूल ओलांडून हजारो जण चालत गेले, मीही गेले, खराटा आणि पाण्याचे कॅन घेऊन. एका गल्लीत पालिकेची एक मुलगी होती, पंचविशीची असेल. गळ्यात ओळखपत्र, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात वही. प्रत्येक दारात जाऊन विचारायची, "इथे किती जण राहतात? सगळे आहेत का?" मी शेजारी उभी होते, तिने मलाही विचारलं. ती पद्रोनची यादी दारं ठोठावून पडताळत होती. कोण जिवंत आहे ते.

तेव्हापासून पद्रोन हा शब्द ऐकला की मला शाळा किंवा कार्ड आठवत नाही, ती वही आठवते. केवडाताई, नोंद लवकर करून घ्या. लेकीचं नाव त्या वहीत असू द्या.

राजकारण पुढे चालूच राहिलं. ३ नोव्हेंबरला राजे पायपोर्तात आले तेव्हा लोकांनी चिखल फेकला. प्रादेशिक सरकारच्या अध्यक्षांनी, कार्लोस मासोन यांनी, राजीनामा जाहीर करायला बरोबर एक वर्ष घेतलं, ३ नोव्हेंबर २०२५. तोवर लोक दर महिन्याला रस्त्यावर उतरत होते. त्या मोर्च्यांत पासपोर्ट कुणी विचारत नाही. मी दोनदा गेले.

---

आवकजावक

ताई, २०१९ च्या महापुरात आम्ही बोटीतून अशीच घरं मोजली होती. तुमच्या त्या मुलीला माझा नमस्कार.

---

हिशेबवही

कचऱ्याच्या कराबद्दल कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. हल्ली तो बऱ्याच गावांत एकदम वाढलाय आणि बाहेरचे लोक समजतात की परदेशी घरमालकांना लुटायचं चाललंय. तसं नाही. २०२२ च्या कचरा कायद्याने प्रत्येक पालिकेला सांगितलं की कचऱ्याचा पूर्ण खर्च भागेल असा वेगळा कर तीन वर्षांत, म्हणजे एप्रिल २०२५ पर्यंत, लावाच. माद्रिदने तर हा कर आधी काढून टाकला होता, तो २०२५ मध्ये परत लावावा लागला, आणि तिथले स्पॅनिश लोकच सर्वात जास्त चिडले. रागवायचं असेल तर आकारणी कशावर केली ते विचारा: घराच्या किमतीवर, माणसांवर की कचऱ्यावर. ते प्रत्येक पालिका आपापलं ठरवते.

---

तुरियाकाठची

आणि लेखी मागण्या वाया जात नाहीत याचं आमच्याच शहरातलं एक उदाहरण. रात्रीच्या क्लबांच्या आवाजाने झोप उडालेल्या एका बाईंनी वर्षानुवर्षं पालिकेकडे तक्रार केली. पालिकेने तो भाग आवाजाने भरून गेलेला म्हणून जाहीर केला होता, तरी नव्या डिस्कोला परवाना दिला. इथल्या न्यायालयांत त्या हरल्या. शेवटी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने १६ नोव्हेंबर २००४ ला स्पेनविरुद्ध निकाल दिला: घरात शांतपणे राहण्याचा हक्क प्रशासनाने राखला नाही. झोपेसाठी एक बाई तिथवर गेली.

---

केवडा

पाच आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं, त्यांना इथेच सांगते.

पद्रोनमध्ये दोघींची नावं परत आली. अर्ज गेल्यावर आठव्या दिवशी पालिकेतून फोन आला, मूळ कागद दाखवायला बोलावलं. शाळेने पावती धरली होती, दाखला नंतर दिला. लेकीला घराजवळची शाळा मिळाली.

मग दिव्यांचा अर्ज. चौथामजला यांनी सांगितलेली कलमं घालून स्पॅनिशमध्ये लिहिला, शेजारच्या आजींनी भाषा सुधारून दिली. नंतर त्या म्हणाल्या, "मलाही सही करू दे, इथे मी एकोणतीस वर्षं राहते." त्यांचं बघून अख्ख्या रस्त्याने केल्या. चौदा घरं, सहा देश. सात खांबांचे फोटो, प्रत्येकाच्या पत्र्यावरचा नंबर वाचून टिपलेला. तिसऱ्याचा गंजला होता, लेकीने नखाने खरवडून वाचला.

दोन प्रती घेऊन गेले. त्याच बाई होत्या. प्रत पुढे सरकवून शिक्का मागताना हात जरा थरथरला. त्यांनी कागद वाचला, सह्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे बरं केलंत. असा कागद असला की मलाही वर पाठवता येतो." जांभळ्या शाईचा शिक्का, क्रमांक, १०.१७ ची वेळ. काका, नीट उमटला होता.

आमच्या गावात प्लेनो, म्हणजे पालिकेची सर्वसाधारण सभा, दोन महिन्यांतून एकदा असते आणि कुणालाही जाऊन बसता येतं, हे मला चार वर्षांत ठाऊक नव्हतं. मागच्या गुरुवारी आम्ही पाच जणी गेलो. मागच्या रांगेत लाकडी खुर्च्या. अडीच तास यात्रेच्या मांडवावरून आणि वाहनतळावरून वाद चालला, निम्मा वालेन्सियानोमध्ये, मला अर्धाच कळला. शेवटी अलकाल्देंनी उपस्थितांना बोलायला वेळ दिला. आजींनी मला पुढे केलं. मी एवढंच विचारलं, "आमच्या अर्जाचा क्रमांक अमुक आहे. वसाहतीचे दिवे पालिकेच्या ताब्यात आहेत की नाहीत?" सचिवांनी चष्मा लावून फाइल चाळली. रस्ता आणि दिवे २०११ मध्येच ताब्यात घेतलेले निघाले. ते तिथे सगळ्यांसमोर इतिवृत्तात लिहिलं गेलं.

पत्रक परत घेणारे ते गृहस्थ आता कोन्सेखाल आहेत. समोरच बसले होते. बाहेर पडताना त्यांनी माझं नाव विचारलं आणि कागदावर टिपून घेतलं. पुढची निवडणूक २३ मे २०२७ ला आहे. तेव्हाही मला मत नसेल, हे त्यांना मी सांगितलं. ते म्हणाले, माहीत आहे.

काल शिडी लावलेली गाडी आली. सातपैकी चार खांब लागले. उरलेल्या तिघांची केबल बदलावी लागणार म्हणतात, तारीख दिलेली नाही. उद्या त्या तीन खांबांचे नंबर घालून दुसरा अर्ज देणार आहे. दोन प्रतींत.